मोर्णेच्या पलीकडे

शेगाव मागे पडले, कचोरीचा वास डब्यातून हळूहळू निवळला, आणि महाराष्ट्र एक्स्प्रेस अकोल्याच्या फलाटास लागली तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. २०२३ च्या जूनचा पहिला आठवडा. मृग अद्याप लागावयाचा होता. वऱ्हाडातील ह्या दिवसांचे ऊन ज्यांनी सोसले नाही त्यांस ते सांगून समजणार नाही, आणि ज्यांनी सोसले आहे त्यांस सांगण्याचे कारण नाही. आमच्याबरोबर आमचे थोरले बंधू होते. त्यांच्या हातात पत्र्याची एक जुनी पेटी होती व तिच्यात आजोबांच्या वेळची कागदपत्रे होती. जुन्या शहरातील आमचा वाडा विकावयास आम्ही निघालो होतो.

अकोला म्हणजे वस्तुतः दोन गावे आहेत. मोर्णा नदीच्या पूर्वेस स्टेशन, कचेऱ्या, ताजनापेठ आणि मागाहून वाढत गेलेल्या वसाहती. पश्चिमेस मूळचे गाव, ज्यास सारे लोक ‘जुने शहर’ म्हणतात. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले, आणि साहेबांनी आपले बंगले व सरकारी इमारती नदीच्या पूर्वतीरावर उठविल्या. १८६७ साली आगगाडी नागपुरास पोहोचली. तिचे स्टेशनही त्याच अंगास झाले. तेव्हापासून ह्या गावाचे तोंड पूर्वेकडे वळले आहे ते आजतागायत तसेच आहे. १९६९ साली कृषि विद्यापीठ झाले, २००१ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली, आणि प्रत्येक वेळी ज्याच्या हाती चार पैसे आले त्याने नदी ओलांडून पलीकडे प्लॉट घेतला. जे मागे राहिले ते एक तर फार गरीब, फार जुने, अथवा आमच्या काकूंसारखे फार हट्टी.

पुलावरून जाताना मोर्णेकडे पाहू नये असे दादा म्हणतात. तरी पाहिले जातेच. २०१८ च्या जानेवारीत अकोल्याच्या हजारो नागरिकांनी हातात फावडी घेऊन ही नदी स्वच्छ केली, आणि देशभर तिचे नाव झाले. नदी मात्र नावावर जगत नाही. जलपर्णी पुन्हा आली होती. नदीकाठी असदगडाचे बुरूज उभे आहेत. औरंगजेबाचा वजीर असदखान ह्याच्या नावाने हा किल्ला ओळखला जातो. दहीहंडा वेशीवरील लेखात १६९७ हे वर्ष निघते. अगर वेशीवर दुसरा लेख आहे, आणि तो म्हणतो की हे बांधकाम गोविंद आप्पाजींनी १८४३ साली केले! एकाच कोटावर दोन मालकांचा दावा. जुन्या शहरात घर विकावयास आलेल्या माणसाने हे दोन्ही लेख आधी वाचून घ्यावेत, म्हणजे पुढे जे भोगावयाचे त्याची थोडी तयारी होते.

गावाच्या नावाची आख्यायिका ह्याहूनही जुनी आहे. अकोलसिंग नावाचा एक राजपूत राजेश्वराच्या दर्शनास येत असता त्याला एक ससा कुत्र्याच्या पाठीस लागलेला दिसला. ज्या भूमीत ससा कुत्र्यास पळवितो ती भूमी सामान्य नव्हे असे जाणून त्याने येथे मातीचा कोट घातला व वस्ती केली. दादांनी ही गोष्ट रिक्षात पुन्हा एकदा सांगितली व वर म्हणाले, “पूर्वी गिऱ्हाईक घरवाल्यामागे धावत असे. आता घरवाला गिऱ्हाइकामागे धावतो. अकोलसिंगाने पाहिले ते हेच असेल.”

काळ्या मारोतीच्या बाजूस वळले की बोळ अरुंद होतो. रिक्षा तेथेच सोडावी लागते. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती ते अकोला ह्या महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरी रस्ता करून जागतिक विक्रम झाला, ह्याचा आम्हां अकोलेकरांस योग्य तो अभिमान आहे. परंतु आमच्या दारापर्यंत चारचाकी गाडी त्या विक्रमापूर्वी येत नव्हती व विक्रमानंतरही येत नाही. घराची किंमत ठरविताना आजचे गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारते, “गाडी कुठे लावायची?” आजोबांस हा प्रश्न कोणी विचारला नसता.

दिंडी ढकलून आत गेलो. ढेलजेत काकू बंगईवर बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. १९६८ साली ह्याच दिंडीतून त्या माप ओलांडून आत आल्या. आम्ही नमस्कार केला, तो त्या म्हणाल्या, “आलात? पाय धुवा आधी. विकायचं काय ते जेवल्यावर.”

भाकरी, भरीत, ठेचा आणि माठातील पाणी. जेवण झाल्यावर डोळा लागला, आणि जागे होऊन पाहतो तो बाहेर आग ओकत असता आत माजघरात पंख्याखाली आम्हांस पांघरूण ओढावेसे वाटत होते. ही पांढऱ्या मातीच्या भिंतींची करामत. दोन हात जाड भिंत दिवसाचे ऊन आपल्या पोटात घेते आणि ते आत पोहोचेतो संध्याकाळ होते. वर धाबे आहे. सागवानी तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर पाला, पाल्यावर मातीचा जाड थर, आणि सर्वांत वर दर वर्षी पावसाआधी पसरावयाची खारी माती. ही खारी माती पाणी आत जिरू देत नाही. ती कोठून आणावयाची, किती जाड टाकावयाची, कशी दाबावयाची, हे जाणणारी माणसे हयात होती तोपर्यंत धाब्यासारखे छप्पर नव्हते. आता ती माणसे मिळत नाहीत. मागील चौकाच्या धाब्यावर टिनाचे पत्रे आले, माजघरावर ताडपत्री आली. बळद रिकामे आहे, आणि विहिरीवर जाळी टाकली आहे. काकू एकट्या एवढ्या घरास पुरणार कशा? हाच प्रश्न आम्हांस अकोल्यास घेऊन आला होता. विक्रीची कल्पना आमची होती. काकूंनी ती केवळ ऐकून घेतली होती.

दुपारी पेटी उघडली. वरच खरेदीखत होते, १९३८ सालचे, मोडीतले. आमच्या पिढीत मोडी कोणास येत नाही; पुण्यास एका जाणत्या गृहस्थांकडून ते वाचून घेतले होते. आजोबा वकील. त्यांनी हा वाडा एका कापूस व्यापाऱ्याच्या वारसांकडून घेतला. १९२९ नंतर जगभर जी मंदी पसरली तीत कापसाचे भाव कोसळले, आणि वऱ्हाडात कापूस कोसळला म्हणजे काहीच उभे राहत नाही. देणेकऱ्यांनी घेरलेले ते वारस मिळेल त्या किमतीस वाडा देऊन मोकळे झाले. घरात ही गोष्ट ‘आजोबांनी हुशारीने घेतलेला वाडा’ अशी सांगितली जात असे. खरेदीखत वाचून घेतल्यावर तीतील दुसरी बाजूही दिसली. ज्यांनी विकला त्यांच्या घरी ही गोष्ट कशी सांगितली जात असेल?

वऱ्हाडातील घरांचा आणि सातासमुद्रापलीकडील घडामोडींचा संबंध नवा नाही. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असता तेथील कापूस विलायतेस जाईना, तेव्हा गिरण्यांनी हिंदुस्थानच्या कापसाकडे हात पसरले. भाव आभाळास भिडले, वऱ्हाडच्या व्यापाऱ्यांकडे पैसा वाहत आला, माड्या चढल्या. मुंबईत तर समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्यांच्या शेअर्सचे वेड लागले. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले, त्याच वर्षी मुंबईचा फुगा फुटला, आणि त्या घसरणीत पुढे बँक ऑफ बॉम्बेसारखी पेढीदेखील टिकली नाही. २००८ साली पुन्हा अमेरिकाच. ह्या वेळी घरांवरील कर्जे बुडाली व त्यांचा धक्का जगास बसला. आमच्या बोळात अमेरिका पाहिलेला मनुष्य एकच, काकूंचा मुलगा. पण अमेरिकेने आमचा बोळ तीनदा पाहिला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दलाल महाशय आले. पांढरा सदरा, हातात दोन फोन. त्यांनी चौक पाहिला, खांबांवर बोटाने टकटक केली, व आम्हांस बाजाराची स्थिती समजावून दिली. त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या. जुन्या वस्तीतील घरांचे व्यवहार निम्मे कागदावर आणि निम्मे पिशवीत होत असत. पिशवी एका रात्रीत गेली. पुढील वर्षी, १ मे २०१७ पासून, बांधकाम व्यावसायिकांवर रेराचा अंकुश आला. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ते इष्टच झाले, परंतु त्यामुळे नोंदणीकृत नव्या इमारतीतील सदनिका अधिक भरवशाची ठरली व जुन्या घराकडील ओढ आणखी कमी झाली. मग कोविड. २०२० च्या सप्टेंबरपासून वर्षअखेरीपर्यंत सरकारने मुद्रांक शुल्कात तीन टक्के सूट दिली, तेव्हा मोठ्या शहरांत नोंदणीसाठी रांगा लागल्या. त्या रांगा आमच्या बोळापर्यंत आल्या नाहीत. २०२१ च्या फेब्रुवारीत तर अमरावती व अकोला येथे पुन्हा टाळेबंदी झाली. त्याच वर्षीच्या जुलैत मोर्णेला मोठा पूर आला व सखल वस्त्यांत पाणी शिरले. पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, ह्या दोन रेषांची नावे तोपर्यंत केवळ इंजिनियरांस ठाऊक होती. आता चहाच्या टपरीवरही त्यांची चर्चा होते.

एवढे सांगून दलाल थांबले, आवाज खाली आणला, आणि म्हणाले, “आणि गेल्या महिन्यात काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे.”

माहीत होते. १३ मे २०२३ च्या रात्री जुन्या शहरात दंगल झाली. समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून दगड उचलले गेले, गाड्या जळाल्या, एक मनुष्य प्राणास मुकला, आणि जमावबंदी लागू झाली. काकू त्या रात्री दिंडीस अडसर घालून बसल्या होत्या. शेजारच्या दोन घरच्या बायका लेकरांसह आमच्या माजघरात होत्या. दलाल म्हणाले, “आणखी एक अशी रात्र झाली की भाव निम्मा. मी तुमच्या भल्याचं सांगतो.” त्यांचे गिऱ्हाईक तयार होते. किंमत, तीन वर्षांपूर्वी एकाने सहज बोलून दाखविलेल्या रकमेच्या दोन तृतीयांश. त्यातीलही निम्मे रोख.

भय हे दलालीतील फार जुने हत्यार आहे. १९३८ सालच्या विक्रेत्यांपुढे सावकाराचे भय नाचविले असेल, आमच्यापुढे दंगलीचे. दंगलीच्या रात्री झालेली हानी खरी होती, भय खरे होते. परंतु त्या भयाची जी किंमत आमच्या समोर ठेवण्यात आली ती कोणी आणि कशी काढली हे विचारल्यावर उत्तर मिळाले नाही. रोखीविषयी तर विचार करण्याचेही कारण नव्हते. १ जून २०१५ पासून स्थावराच्या व्यवहारात वीस हजार वा अधिक रक्कम रोखीने घेणे निषिद्ध आहे, व घेतल्यास तितकाच दंड होतो. दादांनी हे सांगितले तेव्हा दलाल हसले. ते हसू मात्र आम्हांस खोटे वाटले नाही. आमच्यासारखी गिऱ्हाइके त्यांस क्वचितच मिळत असावीत.

काकूंनी पडद्याआडून सर्व ऐकले होते. दलाल गेल्यावर त्या म्हणाल्या, “त्या रात्री इथे बसलेल्यांत हा नव्हता.”

आता खरा पेच सांगावयास हवा. वाडा कोणाचा? आम्ही समजत होतो की आमच्या वडिलांचा निम्मा व काकांचा निम्मा. नगर भूमापनाच्या आखीव पत्रिकेवर, जिला इतरत्र मिळकत पत्रिका म्हणतात, आजोबांचेच नाव होते. पन्नास वर्षांत ते बदलण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. आजोबा १९७१ साली मृत्युपत्र न करता वारले. आजी त्यांच्या आधीच गेलेल्या. सुशिक्षित घरांतूनदेखील असा समज दृढ आहे की मुलींस हक्क मिळाला तो २००५ च्या दुरुस्तीने. ती दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीविषयी आहे, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क जन्मतःच असल्याचे स्पष्ट केले. परंतु बापाने स्वतः मिळविलेली मिळकत असेल व तो मृत्युपत्रावाचून वारला असेल, तर मुलगा व मुलगी ह्यांस सारखा वाटा १९५६ च्या कायद्यापासूनच आहे. म्हणजे आमच्या दोन आत्यांचा प्रत्येकी चौथा हिस्सा १९७१ पासून ह्या भिंतींत होता, आणि त्यांस साडीचोळी देऊन आम्ही स्वतःस उदार समजत होतो.

थोरल्या आत्या वारल्या. त्यांची तीन मुले इंदुरास. धाकट्या आत्या हैदराबादेस, वय त्र्याऐंशी. आमच्या वडिलांचे आम्ही तीन वारस. काकांचे दोन, काकू आणि त्यांचा मुलगा. एकूण नऊ सह्या. आणि हिशेब कागदावर मांडला तेव्हा असे निघाले की, जिने पंचावन्न वर्षे हा वाडा झाडला, सारवला, त्यावर खार टाकविली, आजोबांचे शेवटचे आजारपण काढले, तिचा वाटा एक-अष्टमांश. दादांनी तो आकडा दोनदा तपासला. मग टोपण लावून पेन खिशात ठेवले. त्या संध्याकाळी विक्रीचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

इंदूरकरांचा दोष नव्हता हे येथे नमूद केले पाहिजे. त्यांपैकी एकास आजारपणामुळे पैशाची निकड होती, आणि हक्काचे मागण्यास लाज कशाची? अमेरिकेतून काकूंचे चिरंजीव मात्र म्हणत होते, “थांबा. घाई करू नका. भाव वाढेल.” दूर असलेला मनुष्य नेहमी थांबावयास सांगतो, गळक्या धाब्याखाली रात्री उठून पातेली त्याला मांडावी लागत नाहीत. त्याच्याही डोक्यावर घराचाच भार होता. त्या देशात तीस वर्षांच्या गृहकर्जाचा दर २०२१ च्या आरंभी शेकडा तीनच्याही खाली होता तो २०२३ च्या ऑक्टोबरात पावणेआठाच्या घरात गेला; स्वस्त दराने घर घेतलेले लोक ते सोडीनात आणि नव्याने घेऊ पाहणाऱ्यांस परवडेना. त्याला बदली हवी होती व घर बदलता येत नव्हते. सारांश, आई अकोल्याच्या घरात अडकली होती आणि मुलगा अमेरिकेच्या. ही गोष्ट दादांनी त्यास फोनवर अशीच सांगितली. तो बराच वेळ बोलला नाही. चार दिवसांनी त्याने कळविले की, माझा हिस्सा आईच्या नावे सोडतो. त्याकरिता तिकडे भारतीय वकिलातीपुढे मुखत्यारपत्र करावे लागले, व ते येथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागला. धाकट्या आत्यांनी तर विचारण्यापूर्वीच निरोप धाडला, “माझा वहिनीला.” एवढे दोनच शब्द. ती दोन हक्कसोडपत्रे झाली आणि एक-अष्टमांशाचे अर्धे झाले.

राहिला गिऱ्हाइकाचा प्रश्न. ते घरातच होते, आणि वर्षभर आम्हांस दिसले नाही. ढेलजेस लागून रस्त्याकडील दोन खोल्या आजोबांनी एका शिंप्यास भाड्याने दिल्या होत्या. आता तेथे त्याचा मुलगा बसतो. विदर्भात भाडेकरूंस १९४९ च्या मध्यप्रांत-वऱ्हाड भाडेनियंत्रण आदेशाचे संरक्षण होते. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्राचा नवा कायदा लागू झाला व त्यात वर्षास शेकडा चार वाढीची मुभा मिळाली. ती वाढ काकूंनी कधी मागितली नाही, आणि शिंप्याने त्यांचे काही शिवल्याचे पैसे कधी घेतले नाहीत. येणारे प्रत्येक गिऱ्हाईक ‘आधी भाडेकरू काढा’ म्हणे. तो निघता निघत नाही म्हणून आम्ही त्यास अडचण समजत होतो. एके दिवशी तोच मापाची फीत गळ्यात घालून आत आला व म्हणाला, “भाऊ, माह्या बापानं ह्याच ओट्यावर मशीन मांडली होती. दुसऱ्याले कायले देता? मले सांगा ना बाप्पा.”

त्याचा थोरला मुलगा एका डाळ मिलमध्ये हिशेबनीस आहे, धाकटा पुण्यास. त्याने सांगितलेली किंमत दलालाच्या गिऱ्हाइकापेक्षा अधिक होती, सारी बँकेतून, पण हप्त्यांनी. कर्जासाठी ते एका बँकेत गेले तेथे मातीच्या घराचे मूल्य शून्य धरून केवळ जागेवर थोडे देऊ केले. तेव्हा त्यांनी उमरीच्या बाजूस घेऊन ठेवलेला प्लॉट विकावयास काढला. त्या प्लॉटचा घेणारा एक शिक्षक. त्याचे कर्ज मंजूर होईपर्यंत पुढे काही होईना. आमची विक्री शिंप्याच्या विक्रीवर, त्याची शिक्षकाच्या कर्जावर. पडत्या बाजारात घरे एकेकटी विकली जात नाहीत. डब्यास डबा जोडलेला असतो आणि पुढचा हलेपर्यंत मागचा हलत नाही. ह्यात २०२४ चा पावसाळा गेला. त्या पावसाळ्यात मागील चौकाची भिंत एक हात खचली. दादा खचले नाहीत, पण इंदूरचे फोन वाढले. इसार झाला होता म्हणून धीर धरला.

कराचा हिशेब करताना जे कळले ते आमच्या समजुतीस धक्का देणारे होते. जुन्या मिळकतीचे मूल्य १ एप्रिल २००१ चे धरून नफा मोजतात. २३ जुलै २०२४ पासून नियम बदलले. त्यापूर्वी मिळालेल्या घराविषयी येथे राहणाऱ्या व्यक्तीस दोन्ही रीतींनी हिशेब करून कमी कर भरण्याची मुभा आहे. (परदेशी राहणाऱ्यास ती नाही, चिरंजीवांनी हिस्सा सोडला नसता तर हे प्रकरण आणखी वाढते.) जुन्या रीतीत महागाईचा निर्देशांक लावतात. २००१-०२ चा १००, तर २०२४-२५ चा ३६३. म्हणजे जी वस्तू तेव्हा शंभरास होती ती २०२४-२५ मध्ये ३६३ ला विकली तर कागदोपत्री नफा शून्य. आमच्या वाड्याची किंमत २००१ च्या मूल्याच्या तिपटीहून थोडीशीच अधिक आली होती. कर लागला नाही, ह्याचे कारण नफाच नव्हता. तेवीस वर्षे ‘जागेची किंमत वाढतेच’ असे म्हणत आम्ही बसलो होतो, आणि तेवीस वर्षे ती महागाईच्या मानाने उतरत होती. २०१६ पूर्वी विकला असता तर? दादांनी हा प्रश्न एकदा विचारला. तेव्हा काका हयात होते आणि त्यांनी त्या वेळी कोणास दिंडीतही उभे केले नसते. असो.

काकूंची एकच अट होती, “मोर्णा ओलांडून मी जाणार नाही.” श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी पूर्णेचे पाणी घेऊन कावडी राजराजेश्वरास येतात तेव्हा त्या वाजतगाजत जाताना पाहावयाच्या असतात; दूधवाला ओळखीचा हवा; ह्या काही कमी प्रतीच्या गरजा नव्हेत. पुण्याचे आमंत्रण त्यांनी ऐकूनही घेतले नाही. डाबकी रोडला तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्या, आणि येथे एक विलक्षण गोष्ट अनुभवास आली. ज्या मंदीने आमचा वाडा स्वस्त गेला तिनेच ह्या दोन खोल्या स्वस्त दिल्या. विकणाऱ्याने पडेल किंमत सांगितली, काकूंनी त्यातूनही थोडे कमी करविले, आणि आमच्या वाट्यास आलेले दलालाचे हसू त्या विकणाऱ्याच्या तोंडावर आमच्याकडून उमटले की काय अशी शंका घरी येताना आमच्या मनास चाटून गेली. एका हाताने विकून दुसऱ्या हाताने त्याच गावात घ्यावयाचे असेल, तर बाजार वर आहे की खाली ह्याचे फारसे वाटून घेण्याचे कारण नाही. ज्यास विकून पैसा दुसरीकडे न्यावयाचा त्यानेच भावाची चिंता करावी. इंदूरकरांस ती होती, आणि त्यांनी शेवटी थोडे सोसले, ह्याची नोंद आम्ही ठेवतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत नोंदणी झाली. शिंप्याने घर पत्नीच्या नावे घेतले. केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांकात एक टक्का सूट मिळते हे त्याच्या हिशेबनीस मुलास ठाऊक होते. सर्वांचे अंगठे यंत्रावर उमटले, काकूंचा उमटेना. पुन्हा, पुन्हा. पंचावन्न वर्षांच्या सारवणाने व भांड्यांनी बोटांवरील रेषा पुसून गेल्या होत्या. कारकून तरुण होता. तो उठून आला, त्याने रुमालाने त्यांचे बोट पुसले, थोडे दाबले, आणि चौथ्या वेळी खूण हिरवी झाली.

संध्याकाळी वाड्यात परतलो. जाते, समया, आजोबांचे कपाट आणि बंगईच्या कड्या टेम्पोने आधीच गेल्या होत्या. बंगईची फळी तेवढी राहिली होती. शिंपी व त्याची बायको चौकात उभी होती. अजून दोन-तीन वर्षे तरी त्याच्याने नवे बांधकाम होणार नव्हते. मागची भिंत उतरवून पुढचा भाग तसाच ठेवण्याचा त्याचा विचार होता. किल्ली हातात घेऊन तो थोडा घुटमळला.

“काकू,” तो म्हणाला, “धाब्यावर खार कवा टाकाची, अन् किती, थे सांगून ठेवजा.”

काकूंनी चपला पुन्हा काढल्या. जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत चढल्या, वर बोट दाखविले, आणि सांगू लागल्या, “रोहिणी निघायच्या आत. मृगाची वाट पाहशील तर फसशील. आधी पन्हळ साफ करायची. मग चार बोटं, कमी नाही. पूर्वेकडच्या कोपऱ्यात पाच…”

शिंप्याने कानामागची पेन्सिल काढली व मापाच्या वहीत लिहून घेतले.